गुलाबशेटच्या नावाचा खण

येवल्याच्या गुलाबशेटला पैठणीपेक्षा स्वतःच्या नावाचीच मिजास भारी. दुकानाच्या पिशव्या शिवणाऱ्या मैनाबाईला तो म्हणाला, "पैठणी अशा कशात तरी बांधून दे, की माझं नाव गावभर फिरलं पाहिजे. नाहीतर तुझं काम बंद!"

मैनाबाईने पैठणी चक्क खणात बांधून आणली. खणाच्या काठावर शेटचं नाव.

शेट खवळला. "अगं, ओटीत आलेला खण कोणी शिवतं का? जी ती बाई दुसरीच्या ओटीत ढकलते!"

"म्हणूनच आणला, शेट. तुमची पैठणीची खोकी गिऱ्हाइकांच्या माळ्यावर पडतात. हा घरोघर फिरेल."

"बघतोच!" शेट गुरगुरला आणि ती पैठणी खणासकट विकली.

चैत्रात शेटाणी हळदीकुंकवाहून हसतच परतली आणि ओटीतला खण नवऱ्यापुढे धरला. "घ्या, तुमचं नाव गाव फिरून घरी आलं!"

शेटने लगोलग मैनाबाईला आणखी ढीगभर खण सांगितले.