झाडाला जामीन कोण?

फार फार पूर्वी, पश्चिमेच्या समुद्रात धुक्याची गोधडी पांघरून पडलेल्या एका हिरव्या बेटावर केल्ट लोकांचं एक गाव होतं. गाव मोठं झाडवेडं. ओक म्हणजे त्यांचा राजा. रोवन नावाच्या झाडाची डहाळी दाराला बांधली की चेटूक उंबरा ओलांडत नाही. माळावर एकट्या उभ्या असलेल्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडाखाली पऱ्यांचा दरबार भरतो, म्हणून त्याची काटकीसुद्धा कुणी मोडत नसे. आणि सफरचंदाचं झाड? ते तर थेट परलोकाचं दार!

या दाराची मालकीण होती एक म्हातारी बागवाली. आणि ती पार वैतागली होती.

तिच्या बागेच्या मधोमध सफरचंदाचं एक जुनं झाड होतं. अख्खं गाव त्याच्याशी मन जोडायला यायचं. कुणी मिठी मारी, कुणी नवसाची चिंधी बांधी, कुणी बुंध्याला पाठ टेकून डोळे मिटून बसे. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणे, "आजी, झाड माझ्याशी बोललं!"

बोलायचं तरी काय? गावातला विणकर एक नंबरचा आळशी. त्याला झाड म्हणायचं, "दमलास रे बाळा, जरा पड." शेळ्या पाळणारी बाई सख्ख्या बहिणीशी अबोला धरून होती. तिला सांगायचं, "चूक बहिणीचीच." आणि गावप्रमुखाला म्हणायचं, "तुझ्यासारखा प्रमुख आजवर झाला नाही."

"झाड आहे की भाट?" म्हातारी कपाळावर हात मारून घ्यायची. "मला कसं कधी काही म्हणत नाही मेलं?"

"तुमचं मन जुळलेलं नाही, आजी," विणकर आडवा पडल्या पडल्या समजावायचा. "तुम्ही सारख्या कामात."

खरी गोष्ट अशी, की झाडानं कित्येक वर्षांत फळ धरलं नव्हतं. बसणाऱ्यांनी मुळांवरची माती तुडवून दगडासारखी केली होती. चिंध्यांनी फांद्या आवळल्या होत्या. आशीर्वाद म्हणून जो तो डहाळी मोडून नेई. म्हातारीनं आज खणावं आणि उद्या लोकांनी तुडवावं. जत्रेत नारळ फोडायला सगळे पुढे, करवंट्या उचलायला कुणी नाही, त्यातलाच प्रकार. बाईचं पोट त्या बागेवर. शेवटी तिनं ठरवलं, हे तोडून नवं रोप लावायचं.

गावात एक रीत होती. न फळणाऱ्या झाडासमोर ऐन हिवाळ्यात मालकानं कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं आणि विचारायचं, "फळशील की तोडू?" तेव्हा दुसऱ्या कुणीतरी पुढे होऊन म्हणायचं, "राहू दे. यंदा फळेल. मी जामीन." मग कुऱ्हाड खाली. पण जामीन राहणाऱ्यानं वर्षभर त्या झाडाची उस्तवार करायची, आणि झाडाच्या बाबतीत त्याचाच शब्द शेवटचा. एकदा कुऱ्हाडीसमोर आलेल्या झाडाला पुढे दर हिवाळ्यात पुन्हा जामीन लागे. कुणीच बोललं नाही, तर कुऱ्हाड चालवायची.

म्हातारी कुऱ्हाड घेऊन उभी राहिली. सगळं गाव डोळे पुसत जमलं.

"फळशील की तोडू?"

हुंदके ऐकू आले. शब्द एकही नाही.

"अरे, बोला ना कुणीतरी!"

"माझं नातं आत्म्याचं आहे, आजी," विणकर म्हणाला. "शेणखताचं नाही."

"मी राहिले असते हो," शेळ्यावाली म्हणाली, "पण शेळ्या कोण बघणार? बहीण? तिचं तर नावच काढू नका."

गावप्रमुख खाकरला. "मी सगळ्याच झाडांचा. एकाला जामीन राहिलो, तर बाकीच्यांना काय वाटेल?"

"परवाच याच्या गळ्यात पडून रडलात ना?" म्हातारी कडाडली. "मिठी मारायला हात आहेत, फावडं धरायला नाहीत?"

लोक खाली मान घालून बर्फ बघत राहिले. म्हातारीनं कुऱ्हाड उचलली. हात वर गेला आणि तिथेच थांबला. संतापानं तिचे डोळे भरून आले.

"राहू दे!" ती स्वतःवरच खेकसली. "यंदा फळेल. मी जामीन!"

"असं चालत नाही, बाई," गावप्रमुख म्हणाला. "आपल्याच मालाला आपणच जामीन?"

बोलला ते खोटं नव्हतं. कुठल्याही बाजारात हे चालत नाही. म्हातारीनं झाडाकडे पाहिलं, मग मनातल्या नव्या रोपाला रामराम ठोकला आणि कुऱ्हाड प्रमुखाच्या हातात कोंबली.

"मग आजपासून झाड गावाचं. फळंही गावाची. मालक तुम्ही, जामीन मी. झालं समाधान?"

फुकटची मालकी कुणाला नको असते? गाव खूश होऊन घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं सगळ्या चिंध्या सोडल्या. माती भुसभुशीत केली, खत घातलं, भोवती काटेरी कुंपण केलं. कुणी बसायला आलं, की ती हातात बादली द्यायची. "मन जोडायचंय? आधी झऱ्यावरून पाणी आण."

"म्हातारीनं आमची साधना मोडली!" म्हणत लोक टेकडीवरच्या दुसऱ्या झाडाकडे वळले. राहिला एकटा विणकर. टेकडी चढायचा त्याला कंटाळा. तो कुरकुरत बादली आणायचा, अर्धी वाटेतच सांडायचा, शिव्या खायचा आणि पुन्हा जायचा.

"काय म्हणालं आज झाड?" म्हातारी टोमणा मारायची.

"धाप लागलीय, आजी. ऐकायला उसंत कुठाय?"

शरद ऋतूत झाड फळलं. फार नाही, पण फांद्या वाकतील इतकं. गाव टोपल्या घेऊन धावत आलं. "आपल्या भक्तीला फळ आलं!" गावप्रमुखानं भाषण ठोकलं. म्हातारीनं दातओठ खाल्ले. पण शब्द म्हणजे शब्द. तिच्या टोपलीत एकही सफरचंद आलं नाही.

पुन्हा हिवाळा आला. या वेळी कुऱ्हाड प्रमुखाच्या हातात. "फळशील की तोडू?" त्यानं थाटात विचारलं आणि सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं.

म्हातारी हाताची घडी घालून गप्प.

"म्हणा की, बाई! मी जामीन म्हणा!"

"मी का? भक्ती तुमची. फळं तुम्ही खाल्लीत. आणि माझे गुडघे गेलेत."

प्रमुखाला घाम फुटला. रीत म्हणजे रीत. कुणी बोललं नाही, तर कुऱ्हाड चालवणं भाग होतं. त्यानं ती वर उचलली. म्हातारीनं ओठ घट्ट आवळले.

"राहू दे," मागून आवाज आला. "यंदाही फळेल. झाडातला माझा वाटा सोडला. मी जामीन."

विणकर होता.

"झाडानं सांगितलं वाटतं?" म्हातारीनं विचारलं.

"नाही हो, आजी. ते माझ्याशी कधी एक शब्दही बोललेलं नाही," विणकर म्हणाला. "बादली कुठे ठेवलीय?"

तात्पर्य: माया आहे असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, ओझं उचलायच्या वेळी जो पुढे होतो, त्याचीच माया खरी.