पलीकडच्या खोलीतला आवाज

तीन टेकड्यांच्या मधल्या एका गावात एक वाचनालय होतं आणि त्या वाचनालयात एक बोलणारा संगणक होता. तो लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. पडद्यावर जे उमटेल ते मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याच्यासमोर रोज सकाळी सगुणाबाई बसायच्या. त्यांची दृष्टी पंधरा वर्षांपूर्वी गेली होती, पण बोटं आणि कान शाबूत होते.

सहा वर्षं त्या एकच काम करत होत्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना एकेक करून बोलावायचं, शेजारी बसवायचं आणि त्यांच्याकडून जुन्या पायवाटा, आटलेले झरे, औषधी पाला यांची माहिती त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवायची. अशी दोनशेच्या वर माणसं त्या संगणकात बोलत होती. त्यांतली बरीच आता हयात नव्हती.

एका सकाळी सगुणाबाईंनी संगणक सुरू केला, तर तो बोलेना. त्यांनी कळा दाबून पाहिल्या, स्पीकरवर हात ठेवून पाहिला. काहीच नाही. डोळसाचा पडदा काळा व्हावा तसं त्यांचं झालं. संगणक समोर होता, पण आत जाण्याची वाट उरली नव्हती.

ग्रंथपाल दामूअण्णांनी तालुक्याहून हणमंत नावाच्या तंत्रज्ञाला बोलावलं. तो कामात हुशार होता, त्याचे हात भराभर चालायचे आणि त्याला नेहमी पुढच्या गावाची घाई असायची. त्याने स्पीकर बदलला, वायर बदलली, पडद्यावर दहा-बारा आज्ञा लिहिल्या. आवाज आला नाही.

"आतली सगळी व्यवस्थाच बिघडली आहे," तो म्हणाला. "सगळं पुसून नव्याने बसवावं लागेल. दुपारपर्यंत बोलायला लागेल."

"पुसून म्हणजे?" सगुणाबाईंनी विचारलं. "माझी माणसं?"

"कुठली माणसं?"

दामूअण्णांनी त्याला नोंदींबद्दल सांगितलं. हणमंतने हातातलं घड्याळ पाहिलं. "एवढं उतरवून घ्यायला मोठी डिस्क लागेल. ती आज माझ्याकडे नाही. आज करायचं असेल तर हे जाईल. नाहीतर मी पुढच्या महिन्यात येईन."

दामूअण्णा हळूच म्हणाले, "बाई, महिनाभर तुम्ही काय करणार? संगणक चालू झाला तर नव्याने नोंदवता येईल."

"जी गेली, त्यांना नव्याने कुठून आणू, अण्णा?"

सगुणाबाई हणमंतच्या आवाजाच्या दिशेने वळल्या. मग म्हणाल्या, "दादा, तुम्ही पुढच्या महिन्यात या. पुसायचं नाही."

"तुमची मर्जी," हणमंत म्हणाला आणि पिशवी उचलून निघून गेला.

तो गेल्यावर सगुणाबाईंनी विचारलं, "अण्णा, परवापर्यंत हा बोलत होता. काल वाचनालयाला सुट्टी होती. त्या दिवसात इथे काय काय झालं?"

"काही नाही. कुणी हातसुद्धा लावला नाही."

"नीट आठवा."

"सभागृहात तो देणगीत मिळालेला टीव्हीसारखा मोठा पडदा बसवला, तेवढंच. पण तो तर भिंतीपलीकडे आहे."

सगुणाबाई उठल्या. संगणकाच्या मागे हात घालून त्यांनी वायरी चाचपल्या. एकेक वायर बोटांनी ओळखीची होती. एक मात्र नवी लागली, जाड आणि अजून कडक. ती भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली होती.

"दार उघडा, अण्णा."

दामूअण्णांनी सभागृहाचं कुलूप काढलं. पडदा कालपासून चालूच राहिला होता. सगुणाबाई अंदाजाने त्याच्याजवळ गेल्या, कान लावला आणि एकदम थांबल्या. अगदी बारीक आवाजात कुणीतरी बोलत होतं. संगणकच तो. रिकाम्या खोलीला, बंद दाराआड, तो सकाळपासून सगळं वाचून दाखवत होता.

"हा मुका झालेलाच नाही," त्या म्हणाल्या. "आपण नाही तिथे बोलतोय."

दोघं परत आली. दामूअण्णांनी आवाजाच्या सेटिंगचं पान उघडलं आणि वाचायला लागले. "इथे तीन नावं आहेत. नवा पडदा, हेडफोन आणि आतलं साउंड कार्ड. खूण नव्या पडद्याच्या नावापुढे आहे."

"आपले स्पीकर कशाला जोडलेत?"

"आतल्या कार्डाला."

"मग खूण तिथे करा."

त्यांनी केली. तरी शांतता. दामूअण्णांनी हात मागे घेतला. "बघा, म्हणजे बिघाड आहेच."

"त्या नावापुढे अजून काही दिसतं का?"

"एक लहानसा स्पीकर काढलाय. त्यावर काट आहे." ते थबकले. "म्हणजे हा बंद करून ठेवलाय!"

काट निघाली आणि संगणक बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा गप्प होता. या वेळी कुणी घाबरलं नाही. सुरू होताना तो पुन्हा नव्या पडद्याकडे गेला होता. दामूअण्णांनी सेटिंगमध्ये शोधून पडद्याकडे जाणारा आवाज कायमचा बंद केला. चित्र तिकडे दिसत राहिलं, बोलणं इकडे राहिलं.

महिन्याने हणमंत मोठी डिस्क घेऊन आला, तर दारातच त्याला संगणकाचा आवाज ऐकू आला. काय झालं होतं ते दामूअण्णांनी सांगितलं. त्याने पिशवी खाली ठेवली.

"पडद्यावर आवाजाची पट्टी हलताना मी पाहिली होती," तो म्हणाला. "म्हणजे आवाज निघत होता. मला वाटलं, पट्टीच चुकीची दाखवतेय. आतलं कार्डही त्या आज्ञा लिहिताना माझ्याच हातून बंद झालं असणार."

"बसा," सगुणाबाई म्हणाल्या. "चहा येईपर्यंत एक ऐका."

त्यांनी एक नोंद लावली. एक म्हातारी खोकत खोकत सांगत होती, कड्याखाली कुठल्या दगडाजवळ उन्हाळ्यातही पाणी असतं आणि तिथे कुठल्या बाजूने उतरावं. मध्येच ती हसली. "एवढं लक्षात ठेव गं सगुणा," ती म्हणाली, "माझ्यामागे हे सांगणारं कुणी नाही."

"कोण या आजी? कुठे असतात?" हणमंतने विचारलं.

"ठमाबाई. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन."

चहा आला, तसाच थंड झाला. मग त्याने आणलेली डिस्क पिशवीतून काढली, संगणकाला जोडली आणि सगळ्या नोंदींची दुसरी प्रत उतरवून होईपर्यंत तो तिथून हलला नाही. त्या दिवशी तो पुढच्या गावाला गेलाच नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच: ऐकू येत नाही म्हणजे आवाज मेला असं ठरवू नये, पुसण्याआधी तो कुठे जातोय ते शोधावं.