पुढच्या भोयाची तहान

फार जुनी गोष्ट आहे, लहानथोरांनो. तेव्हा डोंगरात रस्ते नव्हते, नुसत्या पायवाटा होत्या. ज्याला घाट चढवत नसे, त्याला भोई डोलीत बसवून पलीकडे नेऊन सोडत.

डोलीच्या दांड्याला पुढे दोन भोई, मागे दोन. मागच्यांना डोलीमुळे वाट दिसत नाही. म्हणून सगळ्यात पुढचा भोई ओरडून सांगतो, "दगड आला!", "खड्डा हाय!", आणि मागचे त्याच्या शब्दावर पाऊल टाकतात. त्या मुलखातल्या भोयांची आणखी एक रीत होती. पुढचा जोवर पाणी मागत नाही, तोवर मागच्याने मागायचं नाही. ही रीत कुणी घातली नि कशासाठी, देव जाणे! पण मानाची म्हणून सगळे ती निमूट पाळत.

अशाच एका डोलीचा एक म्होरक्या, म्हणजे सगळ्यात पुढचा भोई, होता. अंगाने दणकट, मनाने हळवा. त्याची एकुलती एक लेक घाटापलीकडच्या गावात दिलेली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. घरात गोडधोड करायची बोलणी चालली होती.

एका सकाळी लेकीचा दीर धापा टाकत दारात आला. "मामा, वहिनी कालपासून अडलीय. बाळ आडवं आहे म्हणतात. सुईण आज्जीला घेऊन चला, नाहीतर काही खरं नाही!"

 सुईण आज्जी म्होरक्याच्याच गावातली. आडवं बाळ नुसत्या हातांनी सरळ करणारी त्या मुलखात ती एकटीच. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ती या वयातही पायी जाई, पण घाट काही तिच्याने चढवत नसे. म्होरक्याने जोडीदारांना हाका मारल्या, आज्जीला डोलीत बसवलं आणि दांडा खांद्यावर घेतला.

बायको भाकरीचं गाठोडं आणि ताकाचा गडू घेऊन धावत आली. "अवो, रातीपासून पोटात काय न्हाई तुमच्या. चार घास खाऊन निघा."

"लेक तिकडं तडफडतीय आन मी हितं भाकरी मोडू व्हय?" तो खेकसला. बायकोने गाठोडं आणि गडू डोलीला बांधून दिले.

इथेच पहिली चूक झाली. पण त्याला दोष तरी कसा द्यावा? जीव टांगणीला लागला की घास घशाखाली उतरत नाही, आणि खाणाऱ्या माणसाचा रागच येतो. आपण उपाशी राहिलो म्हणजे लेकीचं दुःख थोडं वाटून घेतलं, असं त्याला वाटत होतं.

घाटाच्या पायथ्याशी विहीर होती. डोलीचा पडदा सरकवून आज्जी म्हणाली, "लेकरांनो, पाणी प्या रं. ऊन चढतंय."

"पोचल्यावर पिऊ, आज्जी," म्होरक्या म्हणाला. मागच्या तिघांनी विहिरीकडे पाहिलं आणि रीत आठवून माना फिरवल्या. म्होरक्याने कनवटीचा गुळाचा मोठा खडा काढून तोंडात टाकला. लगेच अंगात जोर आल्यासारखं झालं. डोली सपासप चढू लागली. त्याला वाटलं, बघा, कुठे काय अडलं?

पण रिकाम्या पोटी खाल्लेल्या गुळाचा जोर तो किती टिकणार! अर्ध्या चढावर पोटऱ्या थरथरायला लागल्या. जीभ टाळूला चिकटली. कानात गुणगुण सुरू झाली. बाजूला झरा खळखळत होता. मागचा भोई नुसता खाकरला, तर म्होरक्या त्याच्यावर उखडला, "लेक तुझी न्हाई, माझी हाय!"  आज्जीने आतून पुन्हा सांगून पाहिलं. म्होरक्याला ते ऐकूच आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे लेकीचा चेहरा होता, आणि तो चेहरा दर पावलागणिक पांढरा पडत चालला होता.

खिंड ओलांडली आणि उतार लागला. उताराच्या तोंडाशी एक खोल पायरी होती. म्होरक्याला ती दिसली. "पायरी!" असं ओरडायचं होतं, पण कोरड्या घशातून शब्द निघाला नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याचा गुडघा दुमडला, मागच्यांचं पाऊल अधांतरी पडलं आणि डोली दगडावर आदळली.

 म्होरक्याने ऊर बडवला. "आज्जी! आज्जे, मी काय करून बसलो!"

"बोंबलू नगंस," पडद्याआडून आवाज आला, आणि पडदा सरकला. आज्जीचा चेहरा वेदनेने वाकडा झाला होता, पण दोन्ही हात तिने पोटाशी घट्ट धरले होते. "खुब्यावर पडले मी. हात शाबूत हायेत. तुझ्या लेकीला हातच लागणार हायेत. आता बसा आन खा."

"आज्जी, येळ न्हाई गं!"

"येळ मघाशीच गेला. आता जो उरलाय तो तरी पदरात पाड. असाच उठलास तर पुढच्या वळणाला आपण सगळे दरीत."

गाठोडं सुटलं. नाचणीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. गडूतलं ताक थोडं सांडलं होतं, थोडं उरलं होतं. म्होरक्याने गडू तोंडाला लावून गटागटा प्यायला सुरुवात केली, तशी आज्जीने दटावलं, "घोट घोट पी. अन् नीट चावून खा." तो रडत रडत चावत होता. प्रत्येक घासाला त्याला वाटे, आता तिकडे काय झालं असेल? बसून खाण्याइतकं अवघड काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. पण हळूहळू हातांचं कापणं थांबलं, नजर ठरली. चौघे उठले, आणि या वेळी त्याचा आवाज खणखणीत निघाला, "दगड आला! डावीकडनं!"

ऊन कलताना ते पोचले. लेक अंथरुणात चिंधीसारखी पडली होती. अडलेल्या बाईला काही द्यायचं नाही, या समजुतीने घरच्यांनी तिला कालपासून घोटभर पाणीही पाजलं नव्हतं. आज्जीला उचलून आत नेलं. तिने लेकीचं कपाळ चाचपलं आणि ओरडली, "आधी पेज आणा! मीठ घालून, पातळ. जोर आणायचा तर कुठनं आणायचा पोरीनं?"

चमच्या-चमच्याने पेज पोटात गेली. मग आज्जीचे हात कामाला लागले. म्होरक्या अंगणात भिंतीला डोकं टेकून बसला होता. आतून लेकीच्या किंकाळ्या येत होत्या. मग त्या एकदम थांबल्या. आणि मग बाळाचा ट्यांहां ऐकू आला. मायलेकरू दोघं सुखरूप होती.

आज्जी मात्र उठायला गेली ती पुन्हा खाली बसली. तिचा खुबा मोडला होता. त्यानंतर ती कधीच चालली नाही.

तिच्या मुलखात आता एखादी बाई अडली की आधी भोई शोधावे लागत, मग डोली, आणि मग आज्जी निघे. जिथे ती पूर्वी पायी झपाझप जाऊन पोचे, तिथे आता कधी वेळेवर पोचे, कधी नाही. जिथे उशीर होई, त्या घरचा आक्रोश म्होरक्याच्या कानावर येई. त्याला कुणी बोल लावला नाही. पण नातवाला मांडीवर घेतल्यावरही तो कितीदा तरी मान खाली घालून बसे.

तात्पर्य: ज्याच्या पावलांवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्याने वेळच्या वेळी खावं आणि प्यावं, उपाशी राहणं म्हणजे माया नव्हे.