मधल्या रिकाम्या जागा

"मधल्या रिकाम्या जागा कापून टाकू का, अक्का?"

वैजयंतीने विचारले, तेव्हा तिची नजर अक्कांकडे नव्हती. ती तळहातावर मावणाऱ्या ध्वनिमुद्रण यंत्राच्या दिव्यांकडे होती.

अक्कांनी मांडीवरचा तंबोरा सावरला.

मिरजेच्या चंद्राक्कांच्या घशावर उद्या सकाळी शस्त्रक्रिया व्हायची होती. आवाज परत येईल की नाही, हे सांगायला डॉक्टर तयार नव्हते. अक्कांच्या गुरूंकडून आलेली, एका अनवट रागातली बंदिश आता त्यांच्याखेरीज कोणाच्याही गळ्यात नव्हती. आज शिष्येच्या, वैजयंतीच्या आग्रहाखातर, तिच्याच दिवाणखान्यात, अक्का ती दुखऱ्या गळ्याने पूर्ण गायल्या होत्या. पुन्हा गाता येणार नव्हते.

"कापायच्या आधी ऐकव तरी," अक्का यंत्राकडे बोट दाखवत खरखरीत आवाजात म्हणाल्या. "इतकी स्थळं नाकारून पसंत केलेला जावई आहे तुझा. बोलतो कसा, बघू."

वैजयंतीला हसू आले नाही.

याआधी आणलेले एक यंत्र कानाला लावून ऐकताना गोड वाटे. घरच्या स्टिरिओला जोडले, की मोठ्या स्पीकरमधून त्याची खरखर उघडी पडे. दुसऱ्यात गाणे स्वच्छ येई, पण तंबोऱ्याच्या तारांची गुंजणारी जवारी हरवे. तिने एकामागून एक यंत्रे परत केली होती. आपल्याइतका चोखंदळ कान गावात दुसरा नाही, असे ती म्हणे. आणि ते खोटे नव्हते. एकदा निर्दोष मुद्रण झाले की बंदिश सावकाश शिकू, असे तिने ठरवले होते. या निवडीत पावसाळा सरला. अक्कांचा आवाज बसत गेला.

तिने यंत्राची वायर स्टिरिओच्या मागे खोचली. चुकून पुसले गेले तर…

"अगं, घाम पूस आधी. ऑपरेशन माझं आहे."

वैजयंतीने कळ दाबली.

अक्कांचा आवाज खोलीभर पसरला, जवारीसकट. बंदिशीची पहिली ओळ आली. मग शांतता. दुसरी ओळ. पुन्हा शांतता…

"बघा! किती निर्मळ आलं आहे."

"हो."

"फक्त या जागा तेवढ्या… प्रत्येक ओळीनंतर तुम्हाला दम लागत होता ना? मी काढून टाकते. कोणाला कळणारही नाही."

"दम लागला असता, तर पाणी मागितलं असतं."

"मग का थांबत होतात?"

"तू काय करत होतीस तेव्हा?"

"मी? श्वाससुद्धा रोखून बसले होते! माझा आवाज त्यात यायला नको, म्हणून. शिवाय आवाज फार चढून दिवा लाल होतो का, तिकडे लक्ष ठेवायचं होतं. तंबोरासुद्धा म्हणूनच तुमच्या हाती दिला."

"हं."

…

"पहिल्यापासून लाव."

ओळ आली. ओळ संपली. शांतता झाली, तशी अक्कांनी मान वर केली आणि वैजयंतीकडे पाहिले.

ती नजर वैजयंतीच्या ओळखीची होती. तालमीत अक्का एक ओळ म्हणत, थांबत आणि अशाच पाहत. शिष्येने ती ओळ म्हटल्याशिवाय पुढे जात नसत.

वैजयंती यंत्र सोडून अक्कांकडे वळली.

"अक्का… तुम्ही माझ्यासाठी…"

स्पीकरमधून पुढची ओळ आली. पुन्हा शांतता. पुन्हा ती नजर.

वैजयंतीने तोंड उघडले. स्वर फुटला नाही.

"मला येत नाही ही, अक्का. आणि उद्या जर…"

"उद्याचं उद्या. मागे घे."

तिने मागे घेतले. ओळ ऐकली आणि रिकाम्या जागेत ती म्हटली. अक्कांनी बोट किंचित वर उचलले. निषाद उतरला होता.

"मागे घे."

या वेळी निषाद लागला, पण शब्द अडखळला.

"शाळेत कविता म्हणते आहेस का? मागे घे."

उन्हाची तिरीप सतरंजीवरून सरकत भिंतीपाशी गेली. यंत्राचे दिवे लुकलुकत होते. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. मधेच अक्कांनी तंबोरा उचलून वैजयंतीच्या मांडीवर ठेवला. तिने न पाहता तार छेडली.

अक्का उठल्या. भिंतीचा आधार घेत स्टिरिओपाशी गेल्या आणि आवाजाचे बटण हळूहळू डावीकडे फिरवू लागल्या. त्यांचा स्वर क्षीण झाला… आणखी क्षीण… नाहीसा झाला.

वैजयंती गात राहिली. अंतरा संपला. ती पहिल्या ओळीवर परत आली, आणि मगच खोलीत एकच आवाज असल्याचे तिच्या ध्यानात आले. ती दचकून गप्प झाली.

अक्कांनी वायर काढली. यंत्र आणून तिच्यासमोर सतरंजीवर ठेवले.

"आता मुद्रणाची कळ दाब."

"आता? पण अक्का… तुम्ही तर गायचं थांबलात."

अक्का तिच्यासमोर बसल्या. तालमीतल्या त्याच नजरेने तिच्याकडे पाहू लागल्या.

"मी कधी थांबले?"