पुसलेली पाठ

घाटात अजून गाडीवाट झालेली नव्हती, मीठमिरचीसुद्धा जनावरांच्या पाठीवरून वर चढायची, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होते. तिथे राणोजी नावाचा कारागीर पालाणे बनवायचा. पालाण म्हणजे ओझे लादायचे खोगीर. खाली गवत भरलेली गादी, वर लाकडी सांगाडा आणि पोटाखालून आवळायचा पट्टा.

त्या गावात एक चांगली रीत होती. नवे पालाण घालून जनावर पहिली खेप करून आले, की चिंचेखाली सगळ्यांसमोर पालाण उतरवायचे आणि पाठ बघायची. पाठ सगळीकडे सारखी घामेजलेली असली, तर पालाण बरोबर बसले. घामात मधेच कोरडा डाग दिसला, तर तिथे ते दाबते आहे. इतके, की घामालाही बाहेर यायला वाव नाही. मग कारागिराने शिवण उसवायची, सांगाडा तासायचा, पुन्हा बसवून बघायचे. त्याला कुणी हसत नसे. डाग कधीतरी निघायचाच. त्यासाठीच तर रीत होती.

राणोजीचा हात चांगला होता. पुढे त्याला राजाच्या पागेचे काम मिळाले. लोक म्हणू लागले, राणोजीबाबांच्या पालाणाला डाग नसतो. सुरुवातीला हे ऐकून त्याला आनंद व्हायचा. नंतर नंतर भीती वाटायला लागली.

त्याच गावात ठकूबाई राहायची. नवरा गेल्यावर मागे उरले एक खेचर, पारवी. तिच्या पाठीवरून ठकूबाई वरच्या गावाला मीठ पोचवी, त्यावर घर चाले. पारवीची पाठ गेली तर चूल गेली, इतके सरळ होते.

पारवीचे जुने पालाण फाटले, तेव्हा ठकूबाई राणोजीकडे आली. त्याच्याकडे पागेच्या घोड्यासाठी केलेला एक सांगाडा शिल्लक होता. आता घोड्याची पाठ असते मधे खोलगट, म्हणून त्याच्या सांगाड्याच्या फळ्या मधे फुगीर ठेवतात. खेचराची पाठ सरळ. राणोजीला हे माहीत नव्हते का? चांगले माहीत होते. पण नवा सांगाडा करायचा, तर पागेचे काम मागे पडणार.

"बाबा, हा घोड्याचा ना?" ठकूबाईने चाचरत विचारले.

"गादी जाड भरतो. तुझ्या पारवीला राजाच्या घोड्याचा थाट, आणखी काय पाहिजे?"

ठकूबाई हसली. शेजारणी म्हणाल्या, आता पारवी आमच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

पहिली खेप झाली. चिंचेखाली माणसे जमली. नेमका त्या दिवशी पागेचा दारोगाही येऊन उभा होता. राणोजीने पट्टा सोडला, पालाण उचलले, आणि सगळ्यांच्या आधी त्यालाच दिसले. कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन कोरडे डाग.

तेव्हा बोलला असता, तर काय झाले असते? एक सांगाडा फुकट गेला असता. बस, तेवढेच.

पण त्याची नजर दारोग्याकडे गेली. पालाण त्याने आडवे धरले, चिंचेखालच्या पाण्याच्या बादलीतले फडके उचलले आणि "दमली गं माझी बाय" म्हणत पारवीची पाठ पुसून काढली. सगळी पाठ ओली झाली. दारोग्याने मान डोलावली, लोकांनी वाहवा केली. पारवीने मात्र मान वळवून त्याच्याकडे पाहिले. त्याने फडके पिळायला घेतले.

पुढच्या खेपांना पारवी अडू लागली. पालाण दिसले की कान मागे पाडायची, अंग चोरायची. ठकूबाईने येऊन विचारले, काही चुकले तर नाही ना. राणोजीला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती.

"खेचराची जात ती," तो म्हणाला. "कामचुकारच. जरा धाक ठेव."

आजवर जिने पारवीवर हात उगारला नव्हता, त्या ठकूबाईने त्या दिवशी वाटेवरची निरगुडीची छडी तोडली.

मग एका सकाळी भर घाटात पारवी खाली बसली, ती उठेना. ठकूबाईने पालाण सोडले आणि गादीखाली काय झाले आहे ते पाहिले. मीठ तिथेच दगडांच्या आडोशाला ठेवून तिने पालाण स्वतःच्या डोक्यावर घेतले आणि पारवीला हळूहळू चालवत गावात आणले.

राणोजीला वाटले, आता ही शिव्याशाप देणार. द्यावेत, असेही त्याला वाटले. पण ठकूबाईची मान वरच होईना.

"बाबा, मी मारलं हो हिला," ती म्हणाली. "तुमचं पालाण चुकत नाही, म्हणून मी चूक हिचीच धरली. मला हिच्याकडं बघवत नाही."

जी लाज त्याच्या वाट्याची, ती ही बाई वाहून आणत होती, पालाणासारखीच, डोक्यावरून. राणोजीने जमलेल्या सगळ्यांसमोर सांगून टाकले, घोड्याचा सांगाडा, कोरडे डाग, ते फडके.

त्याने पारवीपुढे हात जोडले. आणि म्हणतात, त्या दिवशी पारवी बोलली.

"आम्हा मुक्यांचं बोलणं पाठीवर तेवढं उमटतं. मी बोलले होते. तू ते पुसलंस."

जखमा भरेपर्यंत वरच्या गावाचे मीठ राणोजीने स्वतःच्या पाठीवरून नेले. पारवीच्या पाठीबरहुकूम नवा सांगाडाही केला. पण तो बसवायला गेला, की पारवी मागे सरायची. शेवटी त्याने तो ठकूबाईच्या हातात दिला आणि आपण दाराआड उभा राहिला.

पाठ बरी झाली, पण जखमांवर केस आले ते पांढरे. करड्या पाठीवर तळहाताएवढे दोन पांढरे ठिपके. जो डाग संध्याकाळपर्यंत आपोआप मावळला असता, तो आता रोज त्याच्या दारावरून घाट चढायचा आणि उतरायचा. पारवी जगली तोवर राणोजी त्या वेळी मान खाली घालून बसे.

तेव्हापासून त्या गावात पाठ बघताना चिंचेखाली पाणी ठेवत नाहीत.

म्हणून लक्षात ठेवा: चूक दिसण्याची लाज वाटून जो चूक झाकतो, त्याची चूक दुसऱ्याच्या पाठीवर जखम होऊन उमटते.