शेजारच्या घरचं विरजण

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की गावाहून शहराला निघालेला माणूस आधी सगळ्यांचा निरोप घ्यायचा आणि मग चपला घालायचा. पुन्हा भेट होईल की नाही, कुणी सांगावं?

नदीच्या वळणावर एक लहानसं गाव होतं. गावाला एकच गल्ली, गल्लीच्या तोंडाशी चिंच आणि चिंचेखालच्या ओट्यावर एक म्हातारी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला ती विचारायची, "आज काय केलंस गं?" वांग्याची भाजी केली म्हटलं, तर म्हणायची, "चांगलं केलंस." काहीच केलं नाही म्हटलं, तर म्हणायची, "मग बस इथं. माझ्यातलं खा."

या गावाची एक रीत होती. आपल्या दुधाला आपल्या घरचं विरजण लावायचं नाही. सांज झाली, की बायका वाटी घेऊन शेजारी जायच्या. घरात दही असलं तरी जायच्या. म्हातारी सांगायची, "घरचं लावलं तर नुसतं दही लागतं. शेजारचं आणलं तर कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसली, तेही कळतं."

असं दारोदार फिरून साऱ्या गावाचं दही एकाच चवीचं झालं होतं. त्या दह्यात एक गंमत होती. ते खाऊन दुपारी डोळा लागला, की स्वप्नात ही गल्ली दिसायची. गावातल्या माणसांना मात्र त्याचा पत्ताच नव्हता. स्वप्नात गल्ली, डोळे उघडले तरी समोर गल्ली. फरक कळणार कसा?

त्या गावात एक तांबट राहत होता. राजाच्या मुदपाकखान्यासाठी मोठे हंडे घडवायला त्याला शहरातून बोलावणं आलं. बैलगाडीत सामान चढलं. तांबटीण विरजणाचं गाडगं मांडीवर घेऊन बसली आणि साऱ्या वाटेत तिने ते खाली ठेवलं नाही.

आता शहराची निंदा करायला मी बसलेलो नाही. शहर चांगलंच होतं. पाणी दगडी पाटातून दारापर्यंत यायचं. बाजारात दिवसासुद्धा चांदण्यासारखं चमकणारं कापड मिळायचं. आणि कुठे निघालीस, कशाला निघालीस, हे विचारणारं कुणी नव्हतं. पहिले काही दिवस तांबटिणीला याचंच फार सुख वाटलं. मग एक दिवस ती बाजारातून परत आली आणि तिच्या लक्षात आलं, की आज सकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही.

त्या दुपारी दहीभात खाऊन ती लवंडली आणि स्वप्नात गावची गल्ली दिसली. चिंचेची सावली, ओट्यावरची म्हातारी. जागी झाली, तर समोर बंद दारांची ओळ. तेव्हा तिला गाडग्याची किंमत कळली.

दोन दिवसांनी दार वाजलं. समोरच्या घरातली रंगारीण उभी होती. हात कोपरापर्यंत निळे.

"विरजण आहे का हो थोडं? आमचं पार आंबलंय."

तांबटिणीने पदर सारखा करत हातातलं गाडगं झाकलं. "नाही हो बाई. आमचं दूधच नासलं."

"बरं," म्हणून रंगारीण गेली.

आत तांबट जेवत होता. तो म्हणाला, "गावात असं बोलली असतीस?"

"हे गाव आहे का?" ती म्हणाली. "इथं कोण कुणाचं? आज चमचाभर मागतील, उद्या गाडगंच उचलून नेतील."

तेवढ्यात दार पुन्हा वाजलं. रंगारीण गडूभर दूध घेऊन आली होती. "नासलं म्हणालात ना? हे घ्या. सकाळचंच आहे."

तांबटिणीने गडू आत नेला, दूध ओतून घेतलं आणि रिकामा गडू परत करायला निघाली. पण गावात कुणी कुणाचं भांडं रिकामं परत करत नसे. मन शहरात आलं होतं, हात अजून गावातच होता. तो आपला गाडग्याकडे गेला आणि दह्याचा एक गोळा गडूत टाकून मोकळा झाला. भान आलं तेव्हा गडू रंगारणीच्या हातात होता.

रंगारणीने गडूत डोकावून पाहिलं. "दूध नासलं तरी दही छान लागलंय हं तुमचं," ती हसून म्हणाली आणि निघून गेली.

तांबटीण शरमेने लाल झाली. पुढे कित्येक दिवस ती समोरचं दार उघडं दिसलं, की आपलं लावून घ्यायची.

अशात गावाकडून एक वाटसरू आला. नदीने वळण बदललं होतं. चिंच, ओटा, गल्ली, सगळं पाण्याखाली गेलं होतं. माणसं वाचली, पण जिकडे वाट फुटेल तिकडे पांगली. म्हातारी कुठे गेली, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता त्या साऱ्या गावातलं उरलं होतं, ते एवढं गाडगं. तांबटिणीने मनाशी ठरवलं, की यापुढे यात शहराचं दूध घालायचंच नाही. रोज परकं दूध पडत राहिलं, तर गावाची चव पातळ होईल. तिने गाडग्याला फडकं बांधलं आणि ते फडताळात, अगदी मागे ठेवलं. नवऱ्यालासुद्धा सणासुदीला बोटभर.

आमच्या पेठेत एक गृहस्थ होते. त्यांनी अस्सल केशर आणलं आणि मोठ्या कार्यासाठी म्हणून डबीत जपलं. कार्य निघालं तेव्हा डबी उघडली, तर आत नुसत्या काड्या. ना रंग, ना वास. ते मला म्हणाले, "चोरी झाली म्हणावं, तर डबी जागच्या जागी."

तांबटिणीचं तेच झालं. उन्हाळ्यात एके सकाळी तिने फडकं सोडलं, तर वर निळसर बुरशी आणि खाली कडू पाणी. तिने तरी ते जिभेवर ठेवून पाहिलं. दुपारी ती निजली. स्वप्न पडलंच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तांबटाच्या हातोडीचा ठोकासुद्धा चुकू लागला. तो म्हणाला, "स्वप्नात तिथली सावली दिसली, की हात आपोआप चालायचा गं."

शेवटी एका सांजेला तिने वाटी घेतली. समोरच्या दारापर्यंतची वाट एवढीशी, पण तिला ती गावापेक्षा लांब वाटली. नाही म्हणाली तर? आणि नाही म्हणायचा तिला हक्कच होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज आला, "ढकला की. अडसर कुठे घातलाय?"

तांबटीण उंबऱ्यावर उभी राहिली. "विरजण मागायला आले होते. पण त्या दिवशी मी खोटं..."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," रंगारीण म्हणाली. "बसा आधी. आणि विरजण कुणाच्या घरचं देऊ? तुमच्या त्या गोळ्यातलं मी तेलिणीला दिलं, तिने कासाराकडे दिलं. आता सगळी गल्ली तेच लावते." मग ती जरा जवळ सरकली. "एक विचारू? हसणार नाही ना? ते दही खाऊन निजलं, की मला एक गल्ली दिसते. तेलिणीलाही दिसते. खरं म्हणजे आमची ओळख झाली ती तिथंच. इथं एका गल्लीत राहून आम्ही कधी धड बोललो नव्हतो."

तांबटिणीने हातातली वाटी खाली ठेवली. "गल्लीच्या तोंडाशी काय आहे?"

"चिंच. आणि ओट्यावर एक म्हातारी. रोज विचारते, आज काय केलंस गं? मी लग्न करून या शहरात आले, तेव्हापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं हो." रंगारणीने निळ्या हातांनी डोळे टिपले. "कोण आहे ती?"

तांबटिणीने गाव सांगितलं, नदी सांगितली, म्हातारी सांगितली. सांगता सांगता अंधारून आलं. शहराच्या दुधात रोज लागलेलं ते दही तिने बोटाने चाखलं. चव तीच होती. कणभरही पातळ झालेली नव्हती.

त्या दिवसापासून शहरातल्या त्या गल्लीत सांजेला दारं उघडी राहू लागली. घरात दही असलं, तरी बायका वाटी घेऊन निघायच्या. आणि निघताना उंबऱ्यावर थांबून तांबटीण प्रत्येकीला विचारायची, "आज काय केलंस गं?"

बोध एवढाच, की ज्याला जे टिकवायचं आहे, त्याने ते आधी शेजारी देऊन ठेवावं.