मुकादमांना विचारल्याशिवाय

आमच्या सिनेगॉगात सकाळची प्रार्थना एकदम सुरू होत नाही. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, पुस्तक उघडून थांबतात. कोणीतरी उठून जमातीचा कारभार पाहणाऱ्या मुकादमांपाशी जातं आणि विचारतं, “मुकादम, घरी कसं आहे?” उत्तर आलं की मग सुरुवात. तुम्हा पाहुण्यांना याची गंमत वाटते. वाटू द्या, पण आधी ऐकून तर घ्या.

प्लेगच्या सालातली गोष्ट सांगतात. तेव्हा मुंबईत आमची जमात केवढी मोठी! सणाला इथे पाय ठेवायला जागा नसे. प्लेग आला नि माणसं कोकणात पळाली. मुकादम होते एलोजी चेऊलकर. त्यांनी म्हणे शपथच घेतली, “मी आहे तोवर इथली प्रार्थना एक दिवस चुकणार नाही.” आता आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय प्रार्थना पुरी होत नाही. दहा आणायचे कुठून? एलोजी दारोदार फिरत. “चला हो, तुमच्यावाचून अडलंय,” म्हणत.

एका पहाटे त्यांची बायको लेयाबाई गेली. घरात मयत असलं की दफन होईपर्यंत घरधन्याला प्रार्थना माफ. त्याला दहांत धरतही नाहीत. एलोजींना हे पक्कं ठाऊक. तरी त्यांनी लेयाबाईंच्या अंगावर चादर ओढली, शेजारणीला तिथे बसवलं, टोपी घातली आणि निघाले. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

सिनेगॉगात नऊजण होते. दारात उभं राहून एलोजींनी रोजच्यासारखं एकेकाला विचारलं, “घरी बरं आहे ना?” त्यांना कोणी विचारलं नाही. ते दहावे म्हणून उभे राहिले. प्रार्थना झाली. त्यांनी प्रार्थनेच्या शालीची घडी केली, नीट बसेना म्हणून परत केली, आणि म्हणाले, “आता माझ्याकडे चला. लेयाला न्यायचंय.”

एक म्हातारा भडकला. “अहो मुकादम, म्हणजे आम्ही नऊच होतो की! सगळी प्रार्थना फुकट!” शपथ मोडली होती.

तेव्हा हजान शिमशोन म्हणाले, “गप बसा हो. हा माणूस रोज आपल्याला विचारतो. आपल्यातल्या एकाच्या तरी तोंडून निघालं का, बाबा, तुझं कसं आहे?” तेव्हापासून ही रीत पडली, असं सांगतात.

आजही ती चालते. जमातीतली बरीच माणसं इस्रायलला गेली. आताच्या मुकादमांची मुलं तिकडेच, बायको मागल्या साली वारली. रोज सकाळी कोणीतरी उठून विचारतं, “मुकादम, घरी कसं आहे?”

ते म्हणतात, “घरी कोणी नाही. करा सुरू.”